ढवळत राहा

डेअरीला सील लागलं आणि मावशी आतच राहिली. शटरच्या दोन्ही कुलपांवर पांढरं कापड, कापडावर लाल लाख, लाखेवर गोल शिक्का, आणि शटरच्या पलीकडे मावशी. हे झालं. पण सध्या ते झालंच नाही असं धरून चालू, कारण गोष्ट सुरू होते त्या सकाळी शटर उघडं होतं, मावशी पडद्यामागे भांडी आपटत होती आणि डेअरीवाल्याच्या आयुष्यात काळजी करण्यासारखं काहीही नव्हतं.

तो तरीही करत होता. दूध उतू जाईल म्हणून काळजी, आणि नाही गेलं तर गॅस संपला की काय म्हणून काळजी. गिऱ्हाईक हसलं नाही तर ह्याला वाटायचं काल आपण काहीतरी बोललो. हसलं तर वाटायचं शर्टाला काहीतरी लागलंय. बायको म्हणायची, ह्यांना स्वर्गात पाठवलं तरी हे दारातच उभे राहून विचारतील, आत बसायला जागा असेल ना, की आम्ही नंतर येऊ?

दुकान चिंचोळं होतं. पुढे शटर, मग काउंटर, काउंटरवर दुधाची स्टीलची टाकी, टाकीला खाली तोटी, बाजूला फ्रीज. मागे पडदा आणि पडद्यामागे घर. घराला दुसरं दार नव्हतं. बांधणाऱ्याने ते वाचवलं की विसरला, हे आता सांगता येत नाही. पाहुण्यांनाही काउंटरची फळी उचलून, दह्याच्या भांड्यांना धक्का न लावता, तिरपं होऊन आत यावं लागे, आणि बायकोच्या माहेरचे लोक हा विषय अजून दर भेटीत काढत. मागच्या भिंतीला गजांची एक खिडकी होती, ती गल्लीत उघडायची. तेवढंच. त्यामुळे दुकान बंद होणं आणि घर बंद होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, आणि ह्या एका मुद्द्यावर मात्र डेअरीवाल्याची काळजी रास्त होती हे बायकोलाही मान्य होतं.

अन्न तपासणीच्या मॅडम आल्या तेव्हा तो नुकतंच टाकीत दूध ओतून उभा होता. मॅडमच्या खांद्याला जड पिशवी होती. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि तीन रिकाम्या बाटल्या, लाख, दोरा, मेणबत्ती असं एकेक बाहेर काढायला लागल्या, घरी भाजीची पिशवी रिकामी करावी तसं. म्हणाल्या, सगळ्याच डेअऱ्यांचे नमुने घेणं चालू आहे, तुमच्याविरुद्ध काही तक्रार नाही. तक्रार हा शब्द तोपर्यंत डेअरीवाल्याच्या डोक्यातही नव्हता. आता तो तिथे खुर्ची टाकून बसला.

त्याचं दूध चांगलं होतं. गवळी सकाळी आणून द्यायचा ते तसंच्या तसं टाकीत जायचं. आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होता. पाणी घालणाऱ्या माणसाला निदान आपण किती घातलंय ते ठाऊक असतं, त्या मानाने किती घाबरायचं ते त्याला ठरवता येतं. काहीच न केलेल्या माणसाच्या भीतीला असं काही माप नसतं.

मॅडमना घाम आला होता. काहीतरी आदरातिथ्य करावं म्हणून त्याने विचारलं,

"मॅडम, पाणी देऊ का?"

मॅडमनी मान वर केली. "कशात?"

"प्यायला," तो म्हणाला.

"नको," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते बाटलीवरच्या लेबलावर तारीख घालणं होतं, पण हे त्याला कळायला मार्ग नव्हता. पडद्यामागून बायकोचा कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. दूध उभं राहिलं की साय वर येते. तसाच नमुना घेतला तर वरच्याला जास्त मिळतं आणि खालच्यावर अन्याय होतो. म्हणून आधी दूध ढवळून एकजीव करायचं, मग तोटीतून घ्यायचं. डेअरीवाल्याने हो हो म्हणत ढवळणा उचलला आणि त्याची चकती खाली पडली. दांडी हातात राहिली. चकती ढिली झाल्याचं त्याला बरेच दिवस माहीत होतं आणि तितकेच दिवस तो त्याची काळजी करत होता. काळजीतून दुरुस्तीला वेळ उरला नव्हता.

तेवढ्यात पडद्यातून एक हात बाहेर आला. हातात रवी होती, लांब दांड्याची, लाकडी, मावशीच्या खास ताब्यातली. मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. त्याला लहानाचं मोठं तिनेच केलं होतं आणि ते काम अजून पूर्ण झालेलं नाही असं तिचं मत होतं.

"चालेल?" त्याने रवी दाखवून विचारलं.

"चालेल. ढवळत राहा," मॅडम म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हा थांबा."

आणि त्या साक्षीदार आणायला शटरबाहेर गेल्या.

नियमाप्रमाणे नमुना घेताना एक त्रयस्थ माणूस हजर लागतो. मॅडम रस्त्यावर उभ्या राहून त्रयस्थ शोधायला लागल्या. त्या रस्त्यावर कायम रिकामी माणसं असत. सकाळपासून खांबाला टेकून उभा असलेला एक जण अचानक घड्याळ बघून धावत सुटला. त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. पेपर वाचणाऱ्याने पेपर इतका जवळ धरला की तो त्यात दिसेनासा झाला. समोरच्या घरातले आजोबा म्हणाले, मी इथला नाही, मला काही माहीत नाही. ते जन्मापासून समोरच्या घरात होते. शेवटी शेजारच्या दुकानातला शिंपी तयार झाला, पण म्हणाला, हातातली बाही तेवढी लावून येतो, अर्धवट सोडली तर ती दुसऱ्या बाजूला लागते. मॅडम त्याच्या मशीनशेजारी उभ्या राहिल्या. बाही चांगली लांब होती.

इकडे डेअरीवाला ढवळत होता. दोन्ही तळव्यांत रवीची दांडी आणि नजर मॅडमच्या पाठीवर. त्यांनी मान हलवली की ह्याचा हात जोरात चाले. त्या शिंप्याशी काही बोलल्या की आणखी जोरात. एकदा त्या हसल्यासारख्या वाटल्या, तेव्हा तर टाकीच हलायला लागली. खाली दुधाकडे त्याने बघितलं नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की सरकारने ढवळत राहायला सांगितलंय आणि सरकारने अजून थांब म्हटलेलं नाही.

"अहो, पुरे की," मॅडम शिंप्याला घेऊन आत येत म्हणाल्या.

त्याने रवी काढून पडद्यातल्या हातात दिली आणि धूळ जाऊ नये म्हणून झाकण लावून टाकलं. मॅडमनी तोटीखाली बाटल्या धरल्या. तिन्ही भरल्या. दूध टिकावं म्हणून प्रत्येकीत कसलेसे थेंब टाकले, बुचावर कापड, दोरा, लाख, शिक्का. डेअरीवाल्याची सही झाली, शिंप्याची झाली. दोन बाटल्या पिशवीत गेल्या. तिसरी त्यांनी त्याच्यापुढे सरकवली.

"ही थंड जागी ठेवायची. फोडायची नाही. आमच्या तपासणीत काही निघालं आणि तुम्हाला ते मान्य नसलं, तर ही दुसऱ्या प्रयोगशाळेत जाते. ही तुमची बाजू."

डेअरीवाल्याने आपली बाजू दोन्ही हातांनी उचलून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. त्या दिवसापासून फ्रीज उघडायला घरात परवानगी लागायला लागली. बायकोने एकदा विचारलं, तुमची बाजू थोडी सरकून बसली तर ही भाजी आत जाईल का? त्याने तिला भाजी बाहेर ठेवायला सांगितली.

दुपारी शिंपी आला आणि इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, आज चहा जरा काळा झाला."

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शिक्षिका येऊन सांगून गेल्या की त्यांच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा कटकट न करता दूध प्यायलं, कारण त्यावर साय आलीच नाही. त्या खूश होत्या. उद्याही असंच द्या म्हणाल्या. ते ऐकून तो टाकीशेजारच्या स्टुलावर बसला. तोटीखाली ग्लास धरला, उजेडासमोर नेला, घोट घेतला, पुन्हा घेतला. दूध पातळ होतं. आणि हेच दूध त्या बाटल्यांत गेलं होतं.

म्हणजे कोणीतरी पाणी घातलं होतं. त्याने तर घातलं नव्हतं. हे त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पक्कं केलं. उरले गवळी, बायको आणि मावशी.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गोठ्यात जाऊन उभा राहिला. गवळ्याने विचारलं, काय बघताय? तो म्हणाला, काही नाही, सहज. आणि बादलीजवळ वाकून बसला.

"सहज कोणी गाईच्या इतकं जवळ बसत नाही," गवळी म्हणाला. "तिलाही संकोच होतो." मग थोडा वेळ धार काढून झाल्यावर त्याने न बघता पुढचं बोलून टाकलं. "विश्वास नसेल तर सांगा. गायच आणून बांधतो काउंटरवर. तोटी तेवढी तुम्ही लावून घ्या."

डेअरीवाला दूध घेऊन परत आला. त्या दिवशीच्या दुधावर बोटभर साय आली. म्हणजे गवळी सुटला. त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटायला लागली, कारण आता जे काही होतं ते पडद्याच्या आतल्या बाजूला होतं.

बायकोला सरळ विचारायची त्याची छाती झाली नाही. जेवताना म्हणाला, त्या दिवशी नळाला पाणी कधी आलं होतं गं? बायकोने घास खाली ठेवला. नेहमीच्या वेळेला, म्हणाली. मग त्याने विचारलं, भरलेली सगळी भांडी घरातच लागली का? आता तिने ताटच बाजूला सारलं.

"सरळ विचारा ना."

"तसं काही नाही," तो म्हणाला.

"इतकी वर्षं तुमच्या चहात मी साखर घालायला विसरते, आणि तुमच्या दुधात पाणी घालायला आठवणीने जाईन? एवढी हुशार असते तर ह्या एका दाराच्या घरात पडले असते का?"

त्यानंतर ती त्याच्याशी फक्त गिऱ्हाइकासमोर बोलायला लागली. गिऱ्हाईक असलं की अहो, सुटे द्या, अहो, दही संपलं. गिऱ्हाईक गेलं की शांतता. डेअरीवाला दुकानात गिऱ्हाईक टिकावं म्हणून कधी नव्हे ते गप्पा मारायला लागला. मावशीला विचारायचा प्रश्नच नव्हता. मावशी उरलेल्या दुधाचं भांडंसुद्धा विसळून ते पाणी कुंडीत घालायची. दुधात पाणी घालणं तिच्या लेखी दोन्हींचा अपमान होता.

तो रोज फ्रीज उघडून बाटलीकडे बघायचा. लाख शाबूत, दोरा शाबूत. हा एक आधार होता. पहिल्या बाटलीत काही निघालंच तर ही आहे. कदाचित तिच्यात मॅडमच्या बाटलीपेक्षा चांगलं दूध गेलं असेल. कदाचित प्रयोगशाळेतल्या माणसाचं चुकेल. असं स्वतःशी बोलत तो फ्रीजसमोर इतका वेळ उभा राहायचा की बायकोला गिऱ्हाईक नसतानाही एकदा बोलावं लागलं. फ्रीज लावा, म्हणाली, तुमची बाजू गरम होतेय.

अहवाल आला. स्निग्धांश मानकापेक्षा कमी. त्याखाली लिहिलं होतं की परवाना रद्द का करू नये ते समक्ष येऊन सांगावं, आणि निष्कर्ष मान्य नसेल तर आपल्याकडील बाटली फेरतपासणीला द्यावी.

बायकोने वाचलं आणि अबोला बाजूला ठेवला. म्हणाली, आता घाबरायचं नाही, बाटली पाठवू. त्याने बाटली बाहेर काढली. तिने खालून हात धरला. दोघं काउंटरपाशी बाटली धरून उभे होते तेव्हा मावशी पडदा सारून बाहेर आली. तिच्या हातात कोरडा पाव होता.

"बाळ्या, पुन्हा कधी ढवळणार आहेस रे?" तिने विचारलं. "त्या दिवशीचं लोणी संपलं."



"कसलं लोणी?" बायकोने विचारलं.

"ह्याने काढलेलं. त्या बाईंसमोर. संध्याकाळी टाकी धुवायला घेतली तर वर हा एवढा गोळा." तिने मूठ दाखवली. मूठ चांगली मोठी होती. "काय सुंदर आलं होतं. मला वाटलं बाईंना दाखवायला काढलंस. गार पाण्यात धुतलं, वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं."

"फ्रीजमध्ये कुठे?" डेअरीवाल्याने विचारलं.

"त्या बाटलीच्या मागे. तिथे कोणी हात लावत नाही ना."

म्हणजे दुधातून गेलेली साय इतके दिवस त्याच्या बाजूच्या मागे, त्याच कप्प्यात, वाटीत बसून होती. तो रोज दार उघडून तिच्या पुढ्यात उभा राहत होता. पाणी कोणी घातलंच नव्हतं. त्यानेच घुसळून सगळं लोणी वर आणलं होतं आणि तोटीतून खालचं पांढरं पाणी बाटल्यांत भरून दिलं होतं. तिन्ही बाटल्यांत. त्याच्या हातातली बाटलीही त्याच तोटीतून भरलेली होती. ती पाठवली की दुसरी प्रयोगशाळा पहिलीचंच म्हणणं पुन्हा एकदा, शिक्क्यासकट, सांगणार होती.

त्याने बाटली हळूच काउंटरवर ठेवली.

"पाणी नव्हतं गं," तो बायकोला म्हणाला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला आत्ता कळलं."

सुनावणीला दोघं गेले. मावशीला घरी ठेवलं. शटर अर्धं ओढून घेतलं आणि सांगितलं, दुकान बंद आहे, कोणाला काही देऊ नको, कोणाशी बोलू नको. मावशीने मान हलवली.

साहेबांची खोली लांबट होती. टेबलावर काच, काचेखाली जुनं कॅलेंडर, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांवर सीलबंद डबे ठेवलेले. एका डब्यावर कोणाचं तरी तूप लिहिलं होतं. मॅडम बाजूच्या खुर्चीत फाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डेअरीवाल्याने सगळं सांगितलं. ढवळणा, चकती, रवी, त्रयस्थ, बाही, लोणी. सांगताना त्याचे तळवे एकमेकांवर चालत होते आणि ते थांबवण्यासाठी बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत गेले. म्हणाले, नमुन्यापूर्वी दूध नीट ढवळावं असं आहे. कमी ढवळलं तर काय, ह्याची तरतूद आहे. जास्त ढवळण्याबद्दल पुस्तक गप्प आहे. इतकं कोणी ढवळेल असं पुस्तक करणाऱ्यांना वाटलं नसावं. मग त्यांचा चेहरा उजळला. डेअरीवाल्याला वाटलं, सुटलो.

"म्हणजे तिथे लोणी तयार झालं."

"हो साहेब," डेअरीवाला मनापासून म्हणाला.

"तुमचा परवाना कशाचा आहे?"

"दूध विकण्याचा. आणि दह्याचा."

"लोणी तयार करण्याचा?"

डेअरीवाल्याने बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे.

साहेब म्हणाले, तर मग असं आहे. तुमचं म्हणणं खोटं असेल तर तुम्ही कमी प्रतीचं दूध विकलंत. खरं असेल तर विनापरवाना लोणी बनवलंत, तेही तपासणी चालू असताना, आणि साक्षीदारासमोर. कोणतं लिहू? मॅडमना खोकला आला. साहेबांनी त्यांना विचारलं, तुम्ही हजर होतात का? मॅडम म्हणाल्या, मी साक्षीदार शोधत होते. साहेबांनी शिंप्याचं नाव लोण्याच्या बाबतीतही लिहून घेतलं. मग लोणी जमा करायला सांगितलं.

"ते मावशीने खाल्लं," डेअरीवाला म्हणाला.

"सगळं?"

"पावाबरोबर. हळूहळू."

साहेबांनी लेखणी थांबवली. "तपासणी न झालेला पदार्थ ज्येष्ठ व्यक्तीच्या खाण्यात आला. आता त्यांची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत आहे, साहेब."

"ते आम्ही ठरवू," साहेब म्हणाले, आणि सहज बोलावं तसं पुढे म्हणाले की निर्णय होईपर्यंत दुकान सील राहील, माणसं तिकडे केव्हाच गेली आहेत.

डेअरीवाला पायऱ्यांवरून धावत उतरला. बायको मागे. रस्त्यात तो एकच वाक्य म्हणत होता, घराला दुसरं दार नाही, घराला दुसरं दार नाही, जणू हे बांधणाऱ्याला आत्ता ऐकू जाणार होतं.

शटर पूर्ण खाली होतं. पांढरं कापड, लाल लाख, गोल शिक्का. शिंपी गळ्यात टेप घालून पुढे उभा होता. त्याने सांगितलं ते असं. माणसं आली, त्यांनी शटरवर थाप मारली आणि विचारलं, आत कोणी आहे का? आतून मावशीचा आवाज आला,

"कोणी नाही."

मावशी आयुष्यभर हेच उत्तर देत आली होती. चटया विकणाऱ्याला, पंखे विकणाऱ्याला, मत मागायला येणाऱ्याला. आजवर सगळ्यांना ते कळलं होतं आणि सगळे निघून गेले होते. ह्या माणसांनी मात्र ते लिहून घेतलं. शिंपी म्हणाला, अहो आत मावशी आहेत. ते म्हणाले, आतूनच सांगितलंय कोणी नाही, तुम्हाला आतलं जास्त कळतं का? आणि त्याचीच त्रयस्थ म्हणून सही घेतली.

डेअरीवाला वळसा घालून गल्लीत गेला. खिडकीच्या गजांमागे मावशी चहाचं आधण ठेवत होती.

"शटर का ओढलंस रे एवढं? काळोख झाला."

त्याने सांगितलं. त्याला सांगताना दम लागत होता. तिला ऐकताना लागत नव्हता. बरं, म्हणाली, म्हणजे आज तुम्ही बाहेर. मग तिने विचारलं की फ्रीजमधल्या दुधाचं दही लावू का. तो ओरडलाच, हात लावू नको, आतलं सगळं जप्त आहे.

"मी पण?" मावशीने विचारलं.

तो परत कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने पंचनामा काढून दाखवला. आत कोणी नाही, असं स्वच्छ अक्षरात होतं, खाली शिंप्याची सही. कारकून म्हणाला, आत माणूस असेल तर सील काढता येतं, पण कागदावर माणूस नाही. डेअरीवाला म्हणाला, मावशी आत चहा करतेय. कारकून म्हणाला, ती माणूस म्हणून तिथे नाही. त्याने हे वाईटपणाने म्हटलं नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण फाईल बांधून झाली होती.

डेअरीवाला बाहेरच्या बाकावर बसला. मावशीला रक्तदाबाची गोळी लागायची. ती खिडकीतून देता येईल. जेवण देता येईल. पण ती पडली तर? गज तर त्यानेच मजबूत बसवून घेतले होते, चोर येतील ह्या काळजीने. त्याने तळवे एकमेकांवर घासायला सुरुवात केली.

मॅडम फाईल घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. आजूबाजूला बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"ढवळत राहा असं मीच म्हणाले होते. पण तसं कुठे लिहिलेलं नाही." त्या थोड्या घुटमळल्या. "माणसासाठी आता ते सील निघणार नाही. नमुन्याचा राहिलेला भाग आत असेल तर त्यासाठी निघतं. तसा अर्ज द्या."

बस, एवढंच बोलून त्या गेल्या. डेअरीवाला ते वाक्य सांडू न देता शिंप्याच्या दुकानापर्यंत घेऊन आला. कापड कापायच्या टेबलावर बायकोने कागद पसरला. दूध बाटल्यांत गेलं, लोणी मावशीत गेलं, म्हणजे राहिलेला भाग कुठे आहे हे उघड होतं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला आणि प्रत्येक शब्दाला विचारत गेला, हे चालेल ना, ह्याने ते चिडणार नाहीत ना. शेवटी तो उठून पुन्हा गल्लीत गेला, कारण एका बाबतीत परवानगी घेणं भाग होतं.

"मावशी, कागदावर तुला नमुना म्हटलं तर चालेल का?"

"आजवर दुसरं काय म्हणत आलेत सगळे," मावशी म्हणाली आणि गजांतून त्याला चहाचा कप दिला. चहा छान दाट होता. तो घेताना त्याच्या मनात आलं की हे जप्त केलेलं दूध आपण पितोय, आणि तो कप तसाच हातात धरून परत आला.

अर्ज दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच आत गेला. तो असा:

मा. साहेबांच्या सेवेशी. अर्जदाराच्या दुधाच्या नमुन्यात जो स्निग्धांश कमी आढळला, तो तपासणीच्या वेळी मिळालेल्या सूचनेनुसार ढवळत राहिल्याने वेगळा होऊन अर्जदाराच्या मावशीत गेला आहे. सदर मावशी आपल्याच शिक्क्याखाली सीलबंद असून सीलशी कोणतीही छेडछाड झालेली नाही. तिला थंड व कोरड्या जागी ठेवण्यात आले आहे. आत कोणी व्यक्ती नाही ही पंचनाम्यातील नोंद अर्जदारास मान्य आहे. तरी सदर मावशीस व्यक्ती न समजता नमुन्याचा उर्वरित भाग समजण्यात यावे, तिच्यातील स्निग्धांश मूळ दुधात धरून फेरतपासणी करण्यात यावी, आणि त्याकामी तिला ढवळण्याची आवश्यकता भासल्यास ते काम अर्जदाराकडे न देता अन्य जबाबदार व्यक्तीकडे सोपवण्यात यावे, ही नम्र विनंती.